एक वर्ष, चार शेवट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



तुमचा सगळ्यात आवडता चित्रपट कोणता, असं कुणी विचारलं की माणूस गडबडतो. एक नाव घ्यावं तर दुसरी दहा रुसून बसतात. म्हणून मी तो प्रश्न जरा बदलून घेतो. तुमचं आवडतं चित्रवर्ष कोणतं? या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे तयार आहे. १९५७.

आता तुम्ही म्हणाल, हे काय, जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला आणखी एक आला. तसं नाही. या वर्षी माझा जन्मही झाला नव्हता, त्यामुळे तारुण्याच्या आठवणींचा मुलामा त्याला चढलेला नाही. हे चित्रपट मी पुढे बऱ्याच वर्षांनी पाहिले. काही मॅटिनीला, काही जत्रेतल्या तंबूत, आणि बरेचसे रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या घरी, दूरदर्शनच्या कृष्णधवल पडद्यासमोर मांडी घालून. तिथे ‘मदर इंडिया’सुद्धा काळा-पांढराच दिसला. तो रंगीत आहे हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं!

तर १९५७ साल. स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली होती. देशात दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. दुसरी पंचवार्षिक योजना चालू होती. एक एप्रिलला ‘नया पैसा’ आला आणि आण्या-पैचा हिशेब करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या बाजारात गोंधळून गेल्या. आणि रेडिओवरून बोलतोय तर हेही सांगायला हवं, की याच वर्षी तीन ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली. त्याआधी काही वर्षं आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळपास दार बंद होतं. माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ; त्यांचा ओढा शास्त्रीय संगीताकडे. लोक रेडिओ सिलोन लावून बसायचे. १९५७ मध्ये ते दार उघडलं, आणि बाहेर गाणी कुठली उभी होती बघा. ‘प्यासा’ची, ‘नया दौर’ची, ‘मदर इंडिया’ची, ‘दो आँखें बारह हाथ’ची. दार उघडायला यापेक्षा चांगला मुहूर्त मिळाला नसता.

हेच चार चित्रपट मला आज तुमच्यापुढे ठेवायचे आहेत. चारही गाजलेले. तुमच्यापैकी अनेकांनी ते पाहिलेले असतील, त्यामुळे शेवट सांगून मी तुमचा रसभंग करतोय असं होणार नाही. आणि मला बोलायचंय ते शेवटांविषयीच. कारण मला या चौघांत एकच प्रश्न दिसतो. समोर अन्याय उभा आहे, राज्य तर आता आपलंच आहे, मग माणसानं करायचं काय? चार दिग्दर्शकांनी या प्रश्नाची चार उत्तरं दिली. आणि ती एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

पहिला ‘नया दौर’. बी. आर. चोप्रांचा. पंधरा ऑगस्टला प्रदर्शित झालेला. गोष्ट सोपी आहे. गावातले लोक टांगे चालवतात, लाकडाच्या वखारीत काम करतात. मालक तीर्थयात्रेला जातो. त्याचा शहरात शिकलेला मुलगा कुंदन वखारीत यंत्र आणतो, त्यानं भागत नाही म्हणून बस आणतो. मजूर घरी, टांगेवाले रिकामे. मग दिलीपकुमारचा शंकर पैज लावतो, टांगा आणि बस यांच्या शर्यतीची. टांगा जिंकायचा तर रस्ता जवळचा हवा, म्हणून सगळं गाव कुदळ-फावडी घेऊन नवा रस्ता बांधायला लागतं.

शर्यत कोण जिंकणार हे तिकीट काढतानाच माहीत असतं. तरीही त्या शेवटच्या शर्यतीत खुर्चीत नीट बसून राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. आमच्या शेजारच्या घरी ती शर्यत चालू असताना एक आजोबा चक्क तोंडानं घोडा हाकत होते. पण माझ्या मते चित्रपटाचा जीव शर्यतीत नाही, रस्त्यात आहे. वर्षानुवर्षं वाट बघायची सवय झालेली माणसं पहिल्यांदाच आपल्या हातानं काहीतरी बांधतात, ती दृश्यं पाहताना आजही अंगावर काटा येतो. श्रमदान या शब्दाची तेव्हा थट्टा होत नसे, हे ती पाहताना कळतं.

आणि शेवटी शंकर सांगतो काय, तर यंत्राशी आमचं वैर नाही, यंत्रही चालू द्या आणि आम्हीही जगू दे. समेट होतो, सगळे हसतात. इथे मात्र मी थोडा खट्टू होतो. बस एकदा हरली, पण पुढच्या वर्षी? जिंकलेला टांगा आणखी किती दिवस चालला असेल? आपल्याला तर माहीतच आहे, आज आपल्या गावांत टांगा शोधून सापडत नाही. मुंबईतल्या गिरणगावात ज्यांनी यंत्रमाग, संप आणि टाळेबंदी पाहिली, त्यांना विचारा हा समेट कितपत टिकतो ते. ‘नया दौर’नं प्रश्न अगदी नेमका विचारला आणि उत्तर शर्यतीवर सोपवलं. पण प्रश्न इतका नेमका आहे की आज कुठल्याही कचेरीत नवं यंत्र आलं आणि माणसं कमी होणार अशी कुजबुज सुरू झाली, की मला तो शंकर आठवतो.

दुसरा ‘मदर इंडिया’. मेहबूब खान यांनी आपल्याच १९४० च्या ‘औरत’वरून तो पुन्हा बनवला. सुखीलाला सावकाराचं काम दोन्हीत कन्हैयालाल यांनीच केलं. नावामागेही एक गोष्ट आहे. कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईंनी १९२७ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहून भारतीय समाजाची यथेच्छ नालस्ती केली होती. मेहबूबनी तेच नाव उचललं आणि त्याचा अर्थच फिरवून टाकला. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या स्पर्धेत नामांकन मिळालेला हा आपला पहिला चित्रपट. तिथे बाजी मारली फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’नं.

या चित्रपटाच्या भव्यतेविषयी खूप बोललं जातं. तो पूर, ती नांगर ओढणारी नर्गिस. मला विचाराल तर या चित्रपटातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे पाचशे रुपये. सासूनं लग्नासाठी घेतलेलं पाचशे रुपयांचं कर्ज. कागदावर तिचा अंगठा. पंचायत बसते आणि कागदात लिहिलंय तेच खरं धरते. दरवर्षी पीक येतं, तीन हिस्से सावकाराच्या घरी जातं, तेही फक्त व्याजापोटी. मुद्दल जागच्या जागी. आमची आत्या एरवी सिनेमात मुळूमुळू रडायची. हा चित्रपट तिनं कोरड्या डोळ्यांनी पाहिला आणि उठताना एवढंच म्हणाली, “हिला वाचता येत असतं तर हा पिच्चर अर्ध्या तासात संपला असता.” यापेक्षा नेमकं परीक्षण मी कुठल्याही वर्तमानपत्रात वाचलेलं नाही.

बिरजूला, म्हणजे धाकट्या मुलाला, हे लहानपणापासून खुपतं. आईचे कंगन सावकाराकडे गहाण आहेत, हे तो एक दिवसही विसरत नाही. तो मोठा होतो, दरोडेखोर होतो, सुखीलालाच्या वह्या जाळतो, त्याला मारतो. आणि त्याच्या मुलीला पळवून नेतो तेव्हा राधा, त्याची आई, बंदूक उचलते. गावाच्या अब्रूसाठी पोटच्या पोराला गोळी घालते.

चित्रपटगृहात इथे टाळ्या पडतात. माझे हात मात्र कधी जुळले नाहीत. त्या मुलीला वाचवणं आवश्यक होतं, यात शंका नाही. पण सबंध चित्रपटात एकच गोळी निर्णायक ठरते आणि ती बळी गेलेल्याच घरात सुटते, हे मला सहन होत नाही. वह्या जळल्या, सावकार मेला, धरणाचं पाणी आलं. पण ज्या पंचायतीनं तो अंगठा ग्राह्य धरला, तिला कुणीच काही विचारत नाही. मेहबूबना हे जाणवलं असावं. कारण शेवटी म्हाताऱ्या राधाच्या हस्ते कालव्याचं उद्घाटन होतं आणि ते पाणी क्षणभर लाल होतं. नव्या भारताच्या कालव्यात त्यांनी रक्त दाखवलं, तेही १९५७ मध्ये, सगळीकडे धरणांची गाणी चाललेली असताना. त्या एका दृश्यासाठी मी मेहबूब खानना मुजरा करतो. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कर्जापायी झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या गेली कित्येक वर्षं वाचणाऱ्या आपल्याला ते लाल पाणी जुनं वाटत नाही.

तिसरा ‘प्यासा’. गुरुदत्त यांचा. गुरुदत्त आपल्या पुण्याच्या प्रभातमध्ये उमेदवारी करून गेलेले. तिथेच त्यांची देव आनंदशी दोस्ती जमली. ‘प्यासा’तला विजय खरं तर दिलीपकुमार करणार होता. ते जमलं नाही, आणि गुरुदत्तनी स्वतःच तोंडाला रंग लावला. आज त्या जागी दुसरा कुणी डोळ्यांपुढे येत नाही.

विजय कवी आहे. त्याच्या कविता भाऊ रद्दीत विकतात, प्रकाशक ढुंकून बघत नाही. तो मेला अशी बातमी पसरते. गुलाबो नावाची वेश्या जवळचं होतं नव्हतं ते देऊन त्याचं पुस्तक छापून आणते, आणि काय आश्चर्य, मेलेल्या कवीचं पुस्तक धो धो खपतं! जिवंत विजयला वेड्यांच्या इस्पितळात डांबलेलं असतं, आणि सख्खे भाऊ पैसे घेऊन सांगतात, हा आमचा भाऊ नव्हे. मग त्याच्याच पुण्यतिथीच्या सभेत तो दारात येऊन उभा राहतो. मागून उजेड, हात दोन्ही बाजूंना टेकलेले. व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं ते दृश्य एकदा पाहिलेला माणूस जन्मात विसरत नाही.

या चित्रपटाला फिल्मफेअरचा एकही पुरस्कार मिळाला नाही. पुढे २००५ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकानं जगातल्या शंभर उत्तम चित्रपटांत त्याला बसवलं. म्हणजे विजयचं जे झालं, तेच ‘प्यासा’चं झालं. हयात असताना उपेक्षा, आणि नंतर सभा.

आणखी एक गंमत बघा. ‘प्यासा’ची गाणी साहिर लुधियानवींची. ‘नया दौर’चीही त्यांचीच. एकाच वर्षी, एकाच लेखणीतून, एकीकडे देशाच्या अभिमानावर टाळ्या आणि दुसरीकडे त्याच अभिमानाला वेश्यावस्तीत नेऊन विचारलेला जाब. लोक विचारतात, खरा साहिर कोणता? मला वाटतं दोन्ही. देशावर ज्याचं प्रेम आहे तो सकाळी एक गाणं लिहील आणि रात्री दुसरं. दोन्ही चित्रपटांत जॉनी वॉकरही आहेत. निराशा असो की आशा, डोक्याला तेल चोळून देणारा कुणीतरी लागतोच!

पण ‘प्यासा’शी माझं एक भांडण आहे, आणि ते मीनावरून. माला सिन्हानं केलेली मीना कॉलेजात विजयवर प्रेम करते आणि लग्न श्रीमंत प्रकाशकाशी करते. चित्रपट तिला शेवटपर्यंत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. का हो? तिला उद्याच्या जेवणाची खात्री हवी होती, एवढाच ना तिचा गुन्हा? विजयला उपाशी राहायचं स्वातंत्र्य होतं, मीनाला नव्हतं. गुलाबोचा त्याग मोठाच आहे, पण त्यासाठी मीनाला लहान करायची गरज नव्हती. आणि शेवट? आपला सत्कार करायला जमलेल्या गर्दीला विजय सांगतो की मी तो विजय नव्हेच. आणि गुलाबोला घेऊन निघून जातो. कुठे, ते सांगत नाही. कुठेतरी दूर. वयाच्या विशीत मी हा शेवट पाहून रात्रभर भारावून फिरलो होतो. आजही तो शेवट सुंदरच वाटतो, पण मनात येतं, तू गेलास बाबा, पण तुझ्यामागे त्या वस्तीतल्या बाकीच्या बायका कुठे गेल्या?

आता चौथा, आणि माझ्या लेखी पहिला. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’.

चित्रपट हिंदी, पण माती अस्सल आपल्याकडची. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची. रेडिओच्या श्रोत्यांना गदिमांची ओळख करून द्यायला नकोच. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ चाललं होतं. त्यानंतर पुरती दोन वर्षं झाली नाहीत, तोच त्याच लेखणीनं सहा खुन्यांची ही गोष्ट पडद्यावर आणली. आणि ती हवेतून आलेली नव्हती. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत, गजांची दारं नाहीत. कैद्यांनी शेती करायची आणि माणसासारखं राहायचं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हे गांधीजींच्या विचारांचे पोलिश गृहस्थ यांचा त्यात पुढाकार होता. माडगुळे गाव त्याच आटपाडी परिसरातलं, आणि गदिमांचं शिक्षण औंधचं. ज्या मुलखात ते वाढले, त्याच मुलखातली ही गोष्ट.

शांतारामबापूंनी नुकताच ‘झनक झनक पायल बाजे’ रंगांची उधळण करत काढला होता आणि तो तुफान चालला होता. त्यावर त्यांनी काढला काय, तर काळा-पांढरा चित्रपट. सहा रापलेले, भेसूर चेहरे, एक ओसाड माळ आणि एक जेलर. जेलरचं नाव आदिनाथ. तो या सहा जणांना तुरुंगातून बाहेर काढतो आणि माळरानावर नेतो. पहारा नाही. पहारा फक्त त्याच्या दोन डोळ्यांचा. कैदी पळतात, आणि ते डोळे त्यांना पळू देत नाहीत. परत येतात. माळावर भाजी पिकते. बाजारात ते ती स्वस्तात विकतात, म्हणून तिथले दलाल चिडतात आणि त्यांना मार मार मारतात. ज्यांनी खून केले आहेत ती माणसं मार खातात आणि हात उचलत नाहीत, कारण बाबूजींना शब्द दिलाय. मला विचाराल तर त्या वर्षीच्या सबंध हिंदी सिनेमातलं सर्वांत ताणलेलं दृश्य ते. ‘नया दौर’च्या शर्यतीत घोडा धावतो. इथे काहीच धावत नाही, फक्त बारा हात खाली राहतात.

दोष या चित्रपटातही आहेत. संध्याबाईंची खेळणी विकणारी चंपा मूळ गोष्टीला बाहेरून चिकटवल्यासारखी वाटते. बापूंना उपदेश आवरत नाही. शेवटची बैलाची झुंज जरा जास्तच नाट्यमय आहे. त्या झुंजीच्या चित्रीकरणात शांतारामबापूंच्या डोळ्यांना मोठी इजा झाली आणि काही काळ डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना पडून राहावं लागलं. ज्या चित्रपटाच्या नावातच डोळे आहेत, त्यानं डोळ्यांचीच किंमत मागितली. त्या वर्षीचं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं, आणि पुढच्या वर्षी बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलही. वसंत देसाईंनी स्वरबद्ध केलेली त्यातली प्रार्थना कितीतरी शाळांमधून म्हटली गेली. आमच्या शाळेतही दर गुरुवारी होती. ती एका तुरुंगातली प्रार्थना आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

मग हाच मला सगळ्यांत जवळचा का? शंकरला शर्यत जिंकावी लागली. राधाला गोळी झाडावी लागली. विजयला निघून जावं लागलं. आदिनाथनं त्याआधीची एक गोष्ट केली. समोरच्या माणसावर त्यानं विश्वास टाकला, आणि तोही अशा माणसांवर, ज्यांच्यावर विश्वास टाकायला कुणीही वेडा म्हणेल. तिघांच्या गोष्टीत अन्याय करणारा आणि सोसणारा वेगळे आहेत. इथे अन्याय करून चुकलेल्या माणसाचं पुढे काय करायचं, असा सवाल आहे. आणि देश चालवायचा तर कधी ना कधी या सवालाला भिडावंच लागतं. माझ्या एका मित्राला हे भाबडं वाटतं. तो पक्का ‘प्यासा’वाला. आमचा हा वाद तीस वर्षं चालू आहे. तो म्हणतो, खरी माणसं अशी सुधारत नाहीत. मी त्याला एकच सांगतो: स्वतंत्रपूर आटपाडीजवळ अजूनही आहे, आणि तिथले कैदी कुटुंबासह राहतात. आणि दुसरीकडे, २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत असलेल्या माणसांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. शिक्षा झालेल्या खुन्यांवर विश्वास टाकणारा चित्रपट ज्या देशानं सुवर्णपदक देऊन गौरवला, त्याच देशाची ही गोष्ट. भाबडं काय आणि व्यवहारी काय, हे तुम्हीच ठरवा.

१९५७ चा खजिना एवढ्यावर संपत नाही. हृषीकेश मुखर्जींनी ‘मुसाफिर’, विजय आनंदनी ‘नौ दो ग्यारह’ आणि नासिर हुसेननी ‘तुमसा नहीं देखा’ हे आपापले पहिले चित्रपट याच वर्षी दिग्दर्शित केले. पुढची वीस-पंचवीस वर्षं ज्यांनी आपल्याला हसवलं, रमवलं, त्या तिघांची पाटी-पेन्सिल एकाच वर्षी सुरू झाली. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ला व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला तोही याच साली. पण त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी.

आज तुम्हाला एवढंच सुचवतो. हे चारही चित्रपट आता घरबसल्या पाहता येतात. एका आठवड्यात पाहा, जमलं तर घरातल्या तरुण मुलांना बरोबर घेऊन. गाण्यांच्या वेळी ती मोबाइल काढतील, काढू दे. प्रत्येक चित्रपट संपल्यावर मात्र दिवा लावायच्या आत त्यांना विचारा: त्याच्या जागी तू असतास, तू असतीस, तर काय केलं असतंस? रस्ता बांधला असता, बंदूक उचलली असती, निघून गेली असतीस, की विश्वास टाकला असता? चौघांची चार उत्तरं आली तर घाबरू नका. दहा वर्षांच्या देशालाही एक उत्तर सापडलं नव्हतं. पण प्रश्न मात्र त्यानं मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर, तिकीट लावून विचारला होता.